टोप वरच्या आळीत, झाकणं खालच्या आळीत

पौषात म्हशाच्या जत्रेला जातो असं घरी सांगून निघालो. बायको म्हणाली, "तुम्हाला जत्रा कधीपासून आवडायला लागल्या?" मी म्हटलं, एकदा बघावी माणसाने. पिशवीत दोन शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता.

हा कागद कपाट आवरताना सापडला, असं लिहायचं मी आधी ठरवलं होतं. सुरुवात तशी बरी झाली असती. पण तो सापडला नाही, कारण तो कधी हरवलाच नव्हता. नऊ वर्षं तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता आणि मला ते रोज माहीत होतं. दिवाळीच्या आवराआवरीत तो एक खण मी स्वतः पुसायचो. बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची.

मी वीस वर्षं एका साहेबांचा पीए होतो. साहेबांचं नाव लिहीत नाही. पक्षाचंही लिहीत नाही. पक्ष इतके झाले की कोणता लिहावा हा प्रश्न आहे. आणि ज्या गावाला मी निघालो होतो त्याचंही नाव नको. मुरबाड तालुका संपत येतो आणि शहापूरची हद्द जवळ येते, तिथलं ते एक भाताचं गाव आहे, एवढं पुरे.

मुरबाड

कल्याणहून एसटीने मुरबाडला उतरलो. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार आहे. मी स्वतः ती तीनदा आणली, भाषणात. शेवटच्या खेपेला स्टेशन कुठे होणार तेही लिहिलं होतं आणि साहेबांनी हात केला तेव्हा सभेतल्या लोकांनी माना वळवून त्या दिशेला पाहिलं होतं. तिकडे वालाचं शेत होतं. अजून आहे.

स्टँडसमोर भजी खाल्ली. या हॉटेलात मी शंभरदा आलो असेन, पण मालकाने ओळखलं नाही. मी नेहमी साहेबांच्या मागे उभा असायचो. मागे उभ्या असलेल्याचा चेहरा कुणी बघत नाही, हा त्या नोकरीतला फायदा.

सरळगावकडे जाणारी जीप भरत आली होती. तिने मी तासाभरात गावच्या फाट्यावर पोचलो असतो. मी म्हशाच्या जीपमध्ये बसलो. घरी जत्रा सांगितली आहे तर जत्रा पाहिलीच पाहिजे, असं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

जीप निघेपर्यंत त्या गावाचं भांडण सांगून ठेवतो.

आमच्याकडे डोंबिवलीत लग्न म्हटलं की केटरर येतो आणि जाताना चमचेसुद्धा मोजून नेतो. इकडच्या गावांत गावची भांडी असतात. मोठाले टोप, त्यांची झाकणं, पराती, डाव. सगळ्यांवर 'समस्त ग्रामस्थ' असं कोरलेलं. ती देवळात राहतात. ज्याच्या घरी लग्न किंवा दहावं, त्याने न्यायची आणि घासून परत ठेवायची. एका लग्नानंतर सगळ्यात मोठ्या टोपाच्या बुडाला पोचा दिसला. वरची आळी म्हणाली, तुम्ही पाडला. खालची म्हणाली, तो आधीच होता. त्या दिवशी घासलेले टोप वरच्या आळीत सुकत होते आणि झाकणं खालच्या आळीत. ती तिथेच राहिली. तेव्हापासून वरची आळी भातावर पत्रा ठेवते. खालची आळी टोप भाड्याने आणते आणि त्यांवर आपली झाकणं ठेवते. ती बसत नाहीत, पण आपली आहेत.

मग साहेबांनी ते भांडण मिटवायला घेतलं.

म्हसा

जत्रा मोठी आहे. धूळही तेवढीच. रंगवलेल्या शिंगांचे बैल, घोंगड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया आणि पाळण्यांवरून येणाऱ्या किंकाळ्या. जनावरांच्या बाजारात मी बराच वेळ उभा राहिलो. दोन माणसं हातांवर टॉवेल टाकून टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबत होती. तोंडाने कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने टॉवेल निघाला, एकाने बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हातात दिला, दोघं चहाला गेले. कागद नाही, सही नाही. मी पिशवी पोटाशी धरली.

"पीए साहेब ना तुमी?"

मागे वळलो. खालच्या आळीतला बारकू, काशिनाथदादांचा धाकटा. खांद्यावर नवी घोंगडी, हातात रिकामा दोर.

"इलेक्शन लागलं काय?" त्याने विचारलं.

"नाही हो, जत्रेला आलोय."

"जत्रंला? एकटंच?" त्याने माझ्या मागे गाड्या दिसतात का ते पाहिलं. "बरं, बरं. नाय सांगायचं तर नका सांगू."

विषय बदलावा म्हणून मी दोराकडे बोट केलं.

"म्हैस इकली ना. वहिनीची," तो म्हणाला. "आटली होती. ठेवून काय करायचं? पन वहिनी ऐकंच ना. रडली ओ. दादा कंपनीत जातो, आठ-आठ दिवस येत नाय, तवा नाय रडत. म्हशीला रडली."

त्याची वहिनी म्हणजे सुगंधा. ती वरच्या आळीतल्या धर्माजींची मुलगी. तिचं लग्न रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला झालं, भांडण लागायच्या आधी. तिचा बाप आणि तिचा सासरा, या दोघांचीच मला भेट घ्यायची होती.

"काशिनाथदादा कसे आहेत?" मी विचारलं.

"बाबा?" बारकूने दोराची गुंडाळी केली. "बाबा गेला ना. दोन पावसाळं झालं. साहेबांचं पत्र आलतं की. सही होती."

ते पत्र मी पाठवलं नव्हतं. तोवर मी नोकरी सोडली होती. पण मजकूर माझाच असणार. मी तो तयार करून ठेवला होता. नाव तेवढं घालायचं.

बारकू म्हणाला, चला, जिलेबी खाऊ. खाल्ली. गरम होती. नंतर मी बसस्टँडच्या बाजूला गेलो आणि कल्याणच्या गाडीत बसलो. दोघांतला एक गेला म्हणजे अर्धं काम आपोआप संपलं, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून गावाच्या फाट्याचं नाव गेलं.

"ती गाडी नाय ही, काका. उतरा."

उतरलो.

गाव

फाट्यापासून गावात शिरताना आधी दोन बसशेड दिसतात, शंभर पावलांवर, समोरासमोर. खालच्या आळीची शेड झाली तेव्हा वरची आळी रुसली, म्हणून तिचीही झाली. दोन्हींची उद्घाटनं एकाच दिवशी होती. मधल्या वेळात साहेबांनी गाडीत फेटा बदलला. भाषण मी एकच लिहिलं होतं: 'गाव एक झालं पाहिजे, हे मी तुमच्याच आळीत का बोलतो? कारण मोठं मन तुमचं आहे.' दोन्हीकडे टाळ्या पडल्या. एसटी दोन शेडच्या मध्ये थांबते, उन्हात.

पुढे समाजमंदिरं दोन, पाण्याच्या टाक्या दोन. स्मशान मात्र एकच आहे. दुसऱ्याचा प्रस्ताव होता.

धर्माजी ओटीवर बसला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे. पायाशी कुत्रं.

"या. कवा आलाव?" तो उठला नाही. "साहेब कुठंत?"

"मी एकटाच आलोय, धर्मादादा. साहेबांकडे नसतो आता."

"काढलं?"

"सोडलं."

त्याने विश्वास ठेवला नाही, पण पाणी दिलं. बायको गेल्यापासून तो स्वतः रांधतो. तांदळाची भाकरी आणि ताज्या वालाच्या शेंगांचं कालवण त्याने माझ्या पुढ्यात ठेवलं. मी भुकेला होतो आणि जेवल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं. नंतर कदाचित जेवण मिळालं नसतं.

जेवताना समोर रस्त्यापलीकडे सुगंधा दिसत होती. अंगणात एक रिकामा खुंटा होता आणि ती त्याच्याभोवतीचं शेण ओढत होती.

"कालपासनं गप हाय ती," धर्माजी म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हैस गेली ना. म्हशीशी बोलायची. मला आयकू यायचं."

हे मला नीट समजून घ्यावं लागलं. दोन आळ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हे दोन्ही मंडळांचं ठरलेलं. बोललं तर वाळीत. तेव्हा सुगंधा रोज सकाळी म्हशीला मोठ्याने सांगायची: 'आज कुणाला तरी खोकला जास्त हाय वाटतं, काढा घ्यायला काय झालं?' आणि धर्माजी कुत्र्याला सांगायचा: 'मोत्या, घेतलाय म्हनावं.' म्हशीशी बोलू नये किंवा कुत्र्याशी बोलू नये असा ठराव कुठल्याच मंडळात नव्हता. आई गेली तेव्हा मात्र सुगंधाला यायला मिळालं होतं. रस्त्यापर्यंत.

आमच्या सोसायटीतही दोन गट आहेत आणि पार्किंगवरून ते एकमेकांशी बोलत नाहीत. पण तिथे आम्ही निरोपासाठी वकील लावतो.

मी हात धुतले. पाकिटातून कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याला वाचता येत नाही, पण त्याने तो लगेच ओळखला. त्यावर त्याचा अंगठा होता.

"हा तर फाडला होता," तो म्हणाला.

"नाही. माझ्याकडे होता."

आता इथे सरळ लिहितो. नऊ वर्षांपूर्वी हा कागद या दोघांनी केला. धर्माजी आणि काशिनाथ. दोघांनी आपापल्या आळीला गुपचूप तयार केलं, सह्या-अंगठे घेतले. पहिलं कलम: टोप आणि झाकणे एकत्र करून देवळात ठेवणे. दुसरं: टोपाला पोचा कोणी पाडला हे यापुढे न विचारणे. शेवटचं: सुनांना माहेरी जाण्यास अटकाव न करणे. कागद घेऊन दोघं एकाच एसटीने, एकाच बाकावर बसून, नव्या टोप्या घालून कल्याणला आले. म्हणाले, साहेबांच्या हातून जाहीर व्हावं, म्हणजे पुढे कुणाला फिरता येणार नाही. तोवर दोन्ही आळ्या गप्प राहतील. झेरॉक्स काढली नव्हती. काढली तर एकमेकांवर विश्वास नाही असा अर्थ झाला असता.

साहेब खूश झाले होते. त्यांना खरंच जाहीर करायचं होतं, निदान दुपारपर्यंत. मी त्यांना म्हटलं, "साहेब, आत्ता नको. एक झाले तर स्वतःचा माणूस उभा करतील. भांडतायत तोवर दोघंही आपल्याकडे येतात." इतकी वर्षं हे साहेबांनी ठरवलं असं मी मनात लिहून ठेवलं होतं. ते मी ठरवलं. साहेबांनी मान हलवली फक्त.

पंधरा दिवसांनी धर्माजीने फोन केला. मी म्हटलं, "समोरच्यांनी सही मागे घेतली म्हणतात, कागद फाडायला लावला. तुम्ही काही बोलू नका, साहेब बघतायत." मग चहा घेतला. मग काशिनाथला फोन केला आणि तेच सांगितलं.

हे सगळं मी धर्माजीला त्याच्या ओटीवर बसून सांगितलं. तो ऐकत होता. मध्ये एकदा खोकला. मी संपवल्यावर त्याने कागदावर बोट ठेवलं.

"काशिनाथची सही कंची?"

मी दाखवली.

"त्यानं काढून घेतली नव्हती?"

"नाही."

त्याने त्या सहीवरून अंगठा फिरवला.

"मी त्याच्या मयताला गेलो नाय," धर्माजी म्हणाला.

मी माफी मागणार होतो. त्यासाठी वाक्य तयार होतं, बसमध्ये जुळवलेलं. वाक्यं जुळवणं हाच माझा धंदा होता, म्हणून ते बोललो नाही. त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"उठ," तो म्हणाला. इतका वेळ मी 'तुमी' होतो. "तिकडं जा आनि सांग. तिला सांग पयलं."

रस्ता ओलांडायला वीस पावलं लागली. सुगंधाने फावडं बाजूला ठेवून सगळं ऐकलं. बारकूही म्हशाहून आला होता, तो दारात उभा होता.

"सासऱ्यांची सही हाय ना यावर?" तिने विचारलं.

"आहे."

"मरताना इचारत होते, धर्मानं का काढली म्हनून. मला इचारत होते." तिने हात पदराला पुसले, पण कागदाला लावले नाहीत. "नव वर्सं मी या घरात सही काढनाऱ्याची पोरगी म्हनून जेवले, साहेब. कुनी बोललं नाय तसं. पन जेवले."

बारकू माझ्याकडे बघत होता. "जत्रंला आलता ना तुमी?" तो म्हणाला.

त्या रात्री दोन्ही मंडळांच्या बैठका झाल्या, आपापल्या समाजमंदिरात, एकाच वेळी. मी दोन्हीकडे जाऊन कागद वाचला आणि दोन्हीकडे कबुली दिली. शिव्या पडतील अशी माझी तयारी होती. शिव्या देण्याइतकंही मला कुणी खरं धरलं नाही. वरच्या आळीत एकजण म्हणाला, "इलेक्शन कवा हाय ते तरी सांगा." खालच्या आळीत दुसरा म्हणाला, "पीए साहेब, दर टायमाला समेट. या टायमाला काय तरी नवीन आना." सगळे हसले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात खरं बोललो होतो. तेवढं एकच त्यांना भाषण वाटलं.

ठराव मात्र झाले. दोन्ही मंडळांना कागद मान्य. पहिलं पाऊल समोरच्यांनी टाकावं. आणि जाहीर साहेबांनी करावं.

"साहेब येणार नाहीत," मी म्हटलं.

"येतील," दोन्हीकडे मला हेच उत्तर मिळालं. "इलेक्शनला येतील."

शहापूर

राहिला प्रश्न कागदाचा. मूळ कागद आमच्याकडे पाहिजे, असं दोन्हींचं म्हणणं पडलं. शेवटी दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढायचं ठरलं, पण जवळपास नको, ओळखीचे असतात. शहापूरला. बारकूची जीप, खालच्या आळीतर्फे बारकू, वरच्या आळीतर्फे धर्माजी. दोघं शेजारी बसणार नाहीत म्हणून मला मध्ये बसवलं. किन्हवलीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खड्ड्यांत गिअरची दांडी दर वेळी माझ्या गुडघ्यावर येत होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं आणि त्यांत वालाची हिरवी पट्टी, शहापूर जवळ आलं तसे समोर माहुलीचे सुळके. तिघांनीही ते पाहिले.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, किती? दोघांनी एकाच वेळी एक बोट वर केलं. दोन काढल्या. बाहेर गाडीवर वडापाव घेतले. बारकू वडेवाल्याला म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला चटनी कमी घाल रे, खोकला हाय." धर्माजीने वडेवाल्याकडे बघून मान हलवली. खोकल्याचं बारकूला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. म्हैस त्याच्याच अंगणात बांधलेली असायची.

जीपमध्ये बसायच्या आधी मूळ कागद कुणाकडे, हा विषय पुन्हा निघाला. धर्माजी म्हणाला, त्याच्याकडं नको. बारकू म्हणाला, म्हाताऱ्याकडं नको. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच ठेवा," बारकू म्हणाला.

"मी?"

"तुमी तिऱ्हाईत. आनि नव वर्सं सांभाळलाव की. एक घडी पडली नाय."

मी नाही म्हटलं. सगळं पुन्हा सांगितलं, भर बाजारात, वडेवाल्यासमोर. मीच तो माणूस आहे, म्हटलं, मीच खोटं बोललो, माझ्याकडे कसा देता? धर्माजी शांतपणे म्हणाला, "म्हनून तर. तू आता हरवनार नाय."

कागद माझ्या पिशवीत परत आला.

पुन्हा गाव

सकाळी नऊला एसटी येते. धर्माजीने कोरा चहा केला. कालची झेरॉक्स त्याने देवाच्या फळीवर ठेवली होती, उलटी. टोप वरच्या आळीतच होते. ओटीवरून समाजमंदिराच्या खिडकीत त्यांचे काठ दिसत. मी निरोप घेतला, रस्त्यावर आलो आणि दोन शेडच्या मध्ये, जिथे गाडी थांबते तिथे, उभा राहिलो. धर्माजीचं घर माझ्या एका हाताला, सुगंधाचं दुसऱ्या.

धर्माजी खोकला. चांगलाच लांबला खोकला.

सुगंधा दारात आली. सवयीने खुंट्याकडे गेली आणि तिथे उभी राहिली. खुंट्याशी कुणी नव्हतं. तिने एकदा खालच्या आळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी बसशेडवरची पाटी वाचू लागलो. साहेबांचं नाव होतं.

"बाबा," सुगंधा म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या आवाजात. "खोकला कसा हाय?"

खालच्या आळीत कुणाचं तरी दार वाजलं. वरच्या आळीत एक बाई हंडा घेऊन जाता जाता थांबली.

"मोत्या," धर्माजी म्हणाला, "सांग तिला, बरा हाय."

कुत्रं झोपलं होतं.

"मोत्याला नाय इचारलं मी," सुगंधा म्हणाली. "तुला इचारलं."

तेवढ्यात एसटी आली आणि बरोबर मध्ये थांबली. तिच्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही. मला थांबायचं होतं, पण कंडक्टर म्हणाला, चला लवकर, आणि खरं सांगायचं तर तिथे थांबण्याचा मला काही हक्क नव्हता. चढलो. पिशवी मांडीवर घेऊन वरच्या आळीच्या बाजूची खिडकी धरली.

गाडी हलली तेव्हा दिसलं. धर्माजी उठून ओटीच्या पायरीवर आला होता आणि रस्त्याकडे तोंड करून बोलत होता. त्याच्या मागे मोत्या तसाच झोपलेला होता.